वेळ थोडा असतां बाजार कसा करावा

आगगाडीच्या बदलापूर स्थानकाच्या पूर्वेस जी वस्ती आहे तिचें मूळ नांव कुळगांव. कुळगांव व बदलापूर यांची मिळून आज एक नगरपरिषद आहे. २००१ च्या शिरगणतींत तिच्या हद्दींतील माणसें एका लाखाच्या आंत होतीं. २०११ सालीं तीं १,७४,२२६ भरलीं. इतकीं माणसें येथें आलीं तीं बहुतेक मुंबईपेक्षां स्वस्त जागा मिळते म्हणून. परंतु मुंबईंतील मोठें स्थानक येथून ६८ किलोमीटर दूर, आणि नोकरी तिकडे. पहाटे उठून गाडी धरावी, दीड-दोन तास उभ्यानें जावें, आणि दिवेलागण होऊन गेल्यावर तितकाच प्रवास करून परत यावें, असा पुष्कळांचा क्रम आहे. आसपासच्या खेड्यांतील जे तरुण अंबरनाथच्या कारखान्यांत किंवा उल्हासनगरच्या पेठेंत कामास जातात, त्यांचाहि दिवस ह्याहून फारसा निराळा नसतो.

अशा घरांत बाजार केव्हां होतो हें आधीं पाहिलें पाहिजे. तो रात्रीं आठ-नऊ वाजतां, स्थानकापासून घरापर्यंतच्या वाटेवर होतो. अंग थकलेलें, पोटांत भूक, घरीं मुलें वाट पाहत असलेलीं. अशा वेळीं माणूस जें पहिलें दुकान दिसेल त्यांत शिरतो. पाव किलो डाळ, अर्धा किलो साखर, तेलाची एक पिशवी, आणि नजरेस पडला म्हणून बिस्किटांचा पुडा, इतकें घेऊन निघतो. भाव विचारण्यास सवड नसते, आणि विचारला तरी तो कशाशीं ताडून पाहावा हें ठाऊक नसतें. दुसऱ्या दिवशीं मीठ संपल्याचें आठवतें, तिसऱ्या दिवशीं चहा. ज्याला वेळ थोडा त्याचाच वेळ दुकानांत अधिक जातो, आणि ज्याची मिळकत बेताची त्यालाच वस्तु महाग पडते, असा हा उलटा न्याय आहे. तो पालटतां येतो काय, एवढाच ह्या पाठाचा विषय आहे. पाठ घरीं वाचावा, आणि जमल्यास शेजारच्या चार घरांनीं मिळून वाचावा; कां, तें पुढें येईलच.

कोणी म्हणेल, किराण्यांत वाचवून वाचणार तें किती? सरकारनें २०२३-२४ सालीं घरखर्चाची देशभर पाहणी केली, तींत असें आढळलें कीं, खेड्यांतील कुटुंब आपल्या प्रत्येक रुपयांतील सुमारें ४७ पैसे खाण्यापिण्यावर खर्च करितें आणि शहरांतील कुटुंब सुमारें ४० पैसे. दुसऱ्या कोणत्याहि एका बाबीवर इतका पैसा जात नाहीं. आतां ह्या ४७ पैशांत दहावा हिस्सा वाचला असें धरा. वर्षाचा हिशेब केला तर घराच्या एकंदर खर्चापैकीं अर्ध्या महिन्याहून थोडा अधिक खर्च वाचतो. मुलाची पुस्तकें, घराचीं कौलें, अथवा जुन्या कर्जाचा एक हप्ता त्यांत निघतो. मात्र हा दहावा हिस्सा पोटास चिमटा घेऊन काढावयाचा नाहीं. मुलांचें दूध किंवा डाळ तोडून जो पैसा राहतो तो वैद्याच्या घरीं जातो, आणि तो बचतींत धरणें ही हिशेबांतली लबाडी आहे.

पहिली अडचण उधारीच्या वहीची. वाण्याला नांवें ठेवण्याची आपल्यांत चाल आहे, ती मला रास्त वाटत नाहीं. पगार लांबला, घरांत दुखणें आलें, कारखाना बंद पडला, अशा वेळीं कोणतेंहि मोठें झगमगीत दुकान आपणांस पसाभर तांदूळ देत नाहीं. कोपऱ्यावरचा वाणीच देतो. परंतु ज्याच्या वहींत आपलें नांव आहे त्याला आपण भाव विचारूं शकत नाहीं. माल किडका निघाला तरी परत करण्यास जीभ रेटत नाहीं. उधारीचें व्याज कोठें लिहिलेलें नसतें. तें भावांत, आणि आपल्या ह्या गप्प बसण्यांत असतें. म्हणून वहींतून बाहेर पडावें, पण एकदम नव्हे. ह्या महिन्यांत फक्त तांदूळ रोखीनें घ्यावा आणि बाकीचें चालूं द्यावें. पुढच्या महिन्यांत डाळहि रोखीनें. त्याच्या पुढें तेल. जुनी बाकी दर महिन्यास ठराविक रकमेनें फेडीत जावी आणि फेडलेली रक्कम आपल्यासमक्ष वहींत लिहवून घ्यावी. पांच-सहा महिन्यांत बहुतेक घरें मोकळीं होतात. वाण्याशीं संबंध तोडूं नये. रोख देणाऱ्या गिऱ्हाइकास तोच वाणी दोन रुपये कमी लावतो, हा अनुभव पुष्कळांस येईल.

दुसरें साधन यादी. हें ऐकून हंसूं येईल, कारण यादी कोण करीत नाहीं? परंतु दुकानाच्या पायरीवर उभें राहून आठवून केलेली यादी ही यादी नव्हे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद टांगावा, त्याला दोरीनें पेन्सिल बांधावी, आणि कोणत्याहि डब्यांत जिन्नस चार बोटें उरला कीं त्याच क्षणीं तो कागदावर लिहावा. घरांतील वडील माणसांस लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडे हें काम द्यावें. तें मूल मोठ्यांपेक्षां अधिक इमानानें करितें. महिन्याच्या शेवटीं तो कागद काढला कीं आपल्या घरास खरोखर काय व किती लागतें तें कळतें. तीन महिन्यांचे कागद जपून ठेविले तर पुढें फारसा विचारहि करावा लागत नाहीं. त्याच कागदाच्या मागें भाव लिहावेत. सुटीच्या दिवशीं दोन दुकानांत जाऊन तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा ह्या पांचच वस्तूंचे भाव विचारून टिपावे. अर्ध्या तासाचें काम आहे, आणि महिनाभर पुरतें.

आतां एक हिशेब करूं. ह्यांतील भाव केवळ समजुतीसाठीं धरिले आहेत. आपापल्या गांवचे भाव घालून तो पुनः करावा. एका घरास महिन्यास चार किलो तूरडाळ लागते. पाव किलोस ४५ रुपये ह्या भावानें सोळा वेळां आणली तर ७२० रुपये होतात. तीच एकदम चार किलो घेतली आणि किलोस १६० भाव लागला, तर ६४० होतात. ऐशीं रुपये वाचले. शिवाय सोळा फेऱ्यांपैकीं पंधरा वाचल्या. दर फेरीस पाव तास धरिला तरी पावणेचार तास घरीं राहिले. थकलेल्या आईस हे पावणेचार तास ऐशीं रुपयांहून मोलाचे आहेत.

एकदम घेण्याची ही विद्या आपल्या आज्यांस चांगली अवगत होती. ठाणें-कुलाब्याकडे पावसाळ्याच्या तोंडास आगोट म्हणतात, आणि त्या आधीं घरांत भरून ठेवण्याच्या सामानास आगोटीचें सामान. तांदूळ, डाळी, मिरच्या, हळद, मीठ, कांदे, सुकी मासळी, लांकडें, सर्व कांहीं मृग लागण्यापूर्वीं घरांत येत असे, कारण पुढें ओढे भरले कीं वाट बंद. आज रस्ते झाले आहेत, तरी उल्हास नदी आपला स्वभाव विसरलेली नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकून पडली, आणि सुमारें एक हजार उतारूंस नावांच्या साह्यानें बाहेर काढावें लागलें. अशा दिवशीं ज्याच्या कोठींत आठवड्याचें धान्य आहे त्याला दुकान उघडें आहे कीं नाहीं ह्याची काळजी नसते.

पण आगोटीमागें केवळ पावसाची भीति नव्हती. तूर हिवाळ्याच्या अखेरीस बाजारांत येते, गहूं व मिरची फाल्गुन-चैत्रांत, साठवणीचा उन्हाळी कांदा त्याच सुमारास. माल नवा व पुष्कळ असतो तेव्हां भाव बहुधा उतरलेला असतो. गणपति-दसऱ्याच्या सुमारास जुना साठा सरत येतो तेव्हां तो चढतो. तांदळाची गोष्ट थोडी निराळी आहे. आपल्याकडचा भात आश्विन-कार्तिकांत कापला जातो, परंतु नव्या तांदळाचा भात चिकट होतो व फुगत नाहीं. म्हणून दोन-चार महिने मुरलेला तांदूळ घ्यावा. कर्जत, मुरबाड, शहापूर ह्या बाजूस ज्यांचे नातलग शेती करितात त्यांनीं तर तो शेतावरूनच घ्यावा. मात्र पायलीच्या मापावर भाव ठरवूं नये. पायली हें मापाचें भांडें आहे, वजन नव्हे. भरणाऱ्याच्या हाताप्रमाणें तें कमीअधिक भरतें. धान्य कांट्यावर घालून किलोचा भाव करावा, म्हणजे नातलगांतहि पुढें बोलाचाली होत नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पीठ, रवा, तेल आणि दळलेला मसाला हीं वर्षाचीं म्हणून भरूं नयेत. पिठांत व रव्यांत अळ्या होतात, तेलास वास येतो आणि मसाल्याचा वास जातो. डाळी कडक उन्हांत वाळवून, एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह पत्र्याच्या कोठींत भराव्या. जमीन ओलसर असेल तर कोठीखालीं विटा ठेवाव्या. किडलेल्या धान्याची गोणी कितीहि स्वस्त मिळालेली असो, ती महागच.

परंतु महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यानें एकदम वर्षाचें सामान कोठून आणावें? हा प्रश्न खरा आहे. त्याला दोन उत्तरें आहेत. एक असें कीं, जूनपासून मार्चपर्यंत दर महिन्यास पांचशें रुपये डाकघराच्या बचत खात्यांत किंवा बायकांच्या बचत गटांत निराळे ठेवावे, म्हणजे आगोटीस पांच हजार हातीं येतात. दुसरें उत्तर असें कीं, एका घरास जी गोणी जड जाते ती दहा घरांस जड जात नाहीं.

हें दुसरें उत्तर जगांत प्रथम श्रीमंतांस सुचलेलें नाहीं. इंग्लंडांत रॉचडेल नांवाच्या गिरण्यांच्या गांवीं २८ कामकऱ्यांनीं, ज्यांत पुष्कळ विणकर होते, प्रत्येकीं एक पौंड जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजीं टोड लेन ह्या गल्लींत एक लहानसें दुकान उघडलें. पौंड एकदम भरण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो आठवड्यास थोडेथोडे पेन्स टाकून जमविलेला. आरंभीं दुकानांत होतें काय? लोणी, साखर, कणीक, जवसारखें एक धान्य भरडून केलेलें पीठ, आणि कांहीं मेणबत्त्या. बस्स. परंतु नियम तीन होते: माल भेसळीवांचून, वजन पुरें, आणि उधारी मुळींच नाहीं. जो नफा उरे तो ज्यानें जितकी खरेदी केली त्या मानानें त्याला परत मिळे. पुढें जगभर ग्राहकांच्या ज्या सहकारी संस्था निघाल्या त्यांपैकीं बहुतेकांनीं हाच कित्ता गिरविला. आपल्या देशांत १९०४ सालीं मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागांत अशी संस्था निघाली. आणि मुंबईस १९४८ सालीं नायगांवच्या कामगार वस्तींत जिचा आरंभ झाला ती संस्था अपना बाजार ह्या नांवानें घरोघर ठाऊक झाली.

तरी आपल्या कामास सर्वांत जवळचें उदाहरण मुंबई ग्राहक पंचायतीचें आहे. बिंदुमाधव जोशी यांनीं महाराष्ट्रांत ग्राहकांची जी चळवळ उभारली तींतून १९७५ सालीं ही संस्था मुंबईंत निघाली. तिनें दुकान घालण्याचा खर्चच टाळला. एका वस्तींतील कांहीं कुटुंबें मिळून एक संघ करितात. प्रत्येक घर महिन्याची आपली मागणी कागदावर आगाऊ लिहून देतें. सर्व संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक घेतला जातो. आणि ठरलेल्या दिवशीं तो त्या वस्तींत एका सभासदाच्या घरीं उतरतो. तेथें सभासदच आपापसांत वांटणी करितात. हें काम मुख्यत्वें स्त्रियांनीं चालविलें आहे. दुकानाचें भाडें नाहीं, जाहिरात नाहीं, आणि न मागितलेला माल पडून राहण्याची भीति नाहीं. बचत होते ती ह्या तीन ठिकाणीं. आणखी एक गोष्ट अशी कीं, आगाऊ मागणी लिहावयाची म्हटली कीं घरास यादी करावीच लागते. नजरेस पडला म्हणून घेतलेला बिस्किटांचा पुडा तींत येतच नाहीं.

मोठ्या संस्थेची वाट न पाहतां आठ-दहा घरांनीं असें कांहीं करावयाचें ठरविलें, तर तें कसें करावें? ज्या मंडळींतील माणसें दर आठवड्यास एकत्र येतात त्यांस निराळी सभा बोलावण्याचें कारणच नाहीं. आरंभ तीन-चार जिनसांनीं करावा, रॉचडेलकरांनीं केला तसा. तांदूळ, तूरडाळ, साखर, शेंगदाणे पुरेत. सर्वच जिन्नस पहिल्या महिन्यांत आणूं पाहणारे संघ दुसऱ्या महिन्यांत भांडूं लागतात, कारण एकाला जाड तांदूळ पाहिजे, दुसऱ्याला बारीक, आणि चहा तर प्रत्येकाचा निराळा. पैसे आधीं जमवावे. ज्याचे आले नाहींत त्याचा माल आणूं नये, मग तो उपदेशक असो कीं पाटील असो. किंबहुना उपदेशकानें पहिला पैसा भरावा. खजिना एकाच्या हातीं व हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातीं असावी, आणि भावाची पावती सर्वांस दिसेल अशी लावावी. कल्याणच्या किंवा उल्हासनगरच्या घाऊक पेठेंत दोघांनीं मिळून जावें, एकट्यानें नव्हे. ह्यानें संशयास जागा राहत नाहीं, आणि प्रामाणिक माणसाचेंच त्यांत अधिक रक्षण होतें.

वांटणीच्या वेळीं एक बारीक गोष्ट पुष्कळदां भांडणाचें मूळ होते. पन्नास किलोची गोणी किलोकिलोनें वांटली तर शेवटच्याच्या वांट्यास थोडें कमी येतें. कांहीं सांडतें, आणि प्रत्येक तोलास कांटा केसभर कलतो. ही तूट कोणाची, हें आधींच ठरवावें. सर्वांनीं सारखी सोसावी आणि गोणीचा भाव ४९ किलोंवर पसरावा, हा सोपा उपाय आहे. तसेंच टेंपोचें भाडें व रिकामी गोणी विकून आलेले पैसे वहींत लिहावे. आणि दोन-दोन घरांनीं पाळीपाळीनें काम करावें. असे संघ बुडतात ते बहुधा चोरीनें नव्हे. एकाच उत्साही बाईवर सर्व भार पडतो, ती थकते, आणि संघ संपतो.

आतां ज्यास संघ मिळत नाहीं त्यानें दुकानांत काय पाहावें, तें थोडक्यांत. बंद पुडक्यावर छापलेली किंमत ही अधिकांत अधिक किंमत होय. तीहून कमी घेण्यास दुकानदारास मोकळीक आहे, तीहून अधिक घेण्यास नाहीं. पुडक्याच्या आकारावर जाऊं नये, आंतील वजन वाचावें. किंमत तीच ठेवून वजन गुपचूप उतरविण्याची रीत कारखानदारांत आहे. दर ग्रॅमास अथवा किलोस काय पडतें हेंहि पुडक्यावर छापण्याचा नियम आतां झाला आहे; दोन पुडक्यांची तुलना त्यावरून चटकन् होते. दहा रुपयांच्या लहान पुड्या दिसण्यांत स्वस्त, पण हिशेबांत बहुधा महाग असतात. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील बंद पुडक्यांतील धान्य-डाळीवर शेंकडा पांच कर बसविण्यांत आला, आणि सुटें धान्य त्यांतून वगळलें गेलें. सुटें घेण्यास हेंहि एक कारण झालें. विजेच्या कांट्याची तपासणी वर्षांतून एकदां व वजनांची दोन वर्षांतून एकदां वैधमापन खात्याकडून करून घेणें दुकानदारास बंधनकारक आहे. कांट्यावर आंकडा शून्य असल्याचें पाहून मगच माल घालूं द्यावा. फसवणूक झाली तर १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करून तक्रार नोंदवितां येते, आणि ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ पासून आपल्या पाठीशीं आहे. २०१९ सालीं तो नव्यानें करण्यांत आला.

शिधापत्रिकेवरील धान्य कित्येक घरें कामाच्या धांदलींत सोडून देतात. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्याखालीं प्राधान्य गटांतील प्रत्येक माणसास महिन्यास पांच किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य दिलें जाऊं लागलें. मराठवाडा-खानदेशांतून कुळगांवास आलेल्यांनीं हेंहि जाणावें कीं, गांवची पत्रिका येथील दुकानींहि चालते. गांवीं जाण्याचें भाडें घालवूं नये.

मोबाइलवर बोट ठेवतांच दहा मिनिटांत घरीं सामान येतें, अशी सोय आतां शहरांतून झाली आहे. आजारी माणसास किंवा तान्ह्या मुलाच्या आईस ती मोठी उपयोगी आहे. परंतु पोंचविण्याचा आकार कोठें तरी भरावा लागतो, आणि हातांतली नोट कमी होतांना दिसते तसा मोबाइलवरचा पैसा जातांना दिसत नाहीं. त्याचीहि नोंद भिंतीवरच्या कागदावर करावी.

एका ठिकाणीं मात्र घासाघीस करूं नये. पावसाळ्यांत ठाकूर व कातकरी बायका डोंगरांतून टाकळा, कुरडू, शेवळें, करटोलीं घेऊन बदलापूरच्या बाजारांत येतात. मैलोगणती चालून आणलेला तो वाटा दहा रुपयांवरून सातांवर आणून आपण जें वाचवितों तें त्या बाईच्या मुलाच्या ताटांतून काढलेलें असतें. दुकानदाराशीं भाव करावा. त्याच्याजवळ कांटा आहे, गोदाम आहे, उद्यां विकण्याची सोय आहे. हिच्याजवळ संध्याकाळच्या आंत सुकणारी भाजी आहे. शिवाय हीच भाजी त्या दिवसांत सर्वांत ताजी असते, म्हणून सांगितलेला भाव देऊनहि घेणाराचा तोटा होत नाहीं.

हा पाठ मंडळींत वाचल्यावर प्रत्येक घरानें गेल्या महिन्यांतील डाळ, तांदूळ व तेल हीं किती वेळां, किती किती आणि कोणत्या भावानें आणलीं तें एका कागदावर लिहून आणावें. ते सर्व कागद एकत्र करून तिन्ही जिनसांची बेरीज करावी, आणि दोघांनीं तो आंकडा घेऊन घाऊक पेठेंत भाव विचारून यावें. त्या खेपेस कांहीं विकत घेऊं नये. फक्त भाव आणावा.